खोलीत दोन सेन्सेई

मात्सुए, २० सप्टेंबर २०१९

प्रिय रेनजिरो,

फाट्ट!

त्रेसष्ट वर्षं झाली, तरी तो आवाज माझ्या कानातून जात नाही. आपल्या शाळेचा वरचा दिवाणखाना, गारठलेल्या चटया, त्यावर मांडलेले कवितांचे शंभर पत्ते. बाई लांबट सुरात कवितेची पहिली ओळ म्हणायला घ्यायच्या आणि दुसरं अक्षर तोंडातून बाहेर पडायच्या आत तुझा तळवा बरोबर त्या पत्त्यावर. फाट्ट! मला शंभरच्या शंभर पाठ होत्या, तुला जेमतेम चाळीस. पण मी ओळ ऐकत बसायचो आणि तू पत्ता उचलायचास. म्हणूनच तू सर्जन झालास आणि मी पोरांना कविता शिकवणारा मास्तर.

हे सगळं आठवायचं कारण, परवा मलाही एक पत्ता पटकन उचलायला सांगितलं आणि माझा हात हललाच नाही.

सरळ लिहितो. ऑगस्टमध्ये रक्त पडलं. मूळव्याध समजून दोन आठवडे घालवले. मग आतून नळी घालून पाहिलं. गुदाशयात गाठ आहे, दारापासून पाच सेंटिमीटरवर. कॅन्सर. घाबरू नकोस, पसरलेला नाही म्हणतात. ऑपरेशन नोव्हेंबरात.

गंमत पुढेच आहे. इथल्या मोठ्या हॉस्पिटलात दोन पद्धतींची तुलना चालू आहे. एक दुर्बिणीची आणि दुसरी रोबोटची. दोन्हीत पोटाला लहान लहान भोकंच पाडतात. माझ्यासारख्या रोग्यासाठी कुठली बरी हे नक्की ठाऊक नाही, म्हणून कोणाला कुठली ते संगणक चिठ्ठी टाकून ठरवतो. मी नेहमीसारखा वाकून म्हणालो, "सगळं तुमच्यावर सोडतो, सेन्सेई." तर डॉक्टर म्हणतात, "हे माझ्यावर सोडता येणार नाही. चिठ्ठी चालेल की नाही एवढं तुम्हीच सांगायचं. नाही म्हणालात तर दुर्बिणीने करीन, त्याचा राग नाही." मी विचारलं, देवळातल्या भविष्याच्या चिठ्ठीसारखी वाईट निघाली तर पाइनच्या फांदीला बांधून दुसरी काढता येते का? नर्स हसली. डॉक्टर हसल्या नाहीत.

शेवटी त्या म्हणाल्या, "काही विचारायचंय?" मी म्हणालो, "नाही, सगळं छान समजलं." बाहेर एकोणीस माणसं ताटकळत होती रे.

तेव्हापासून घरात स्वस्थ बसवत नाही. किटली ठेवतो, विसरतो, परत ठेवतो. तू जन्मभर हेच काम केलंस. एका शब्दात कळव: रोबोट की दुर्बीण?

मिनेको वहिनींना नमस्कार. गुडघे कसे आहेत?

तुझा,
तोकुजी

*

नागाओका, २७ सप्टेंबर

तोकुजी,

एका शब्दात उत्तर मागितलंस. घे: गाढवा!

"सगळं छान समजलं" म्हणे. तुला काय समजलं ते मला ठाऊक आहे. काही नाही. तेव्हा आता मी सांगतो ते नीट वाच, आणि मध्येच खिडकीतून तळ्याकडे बघत बसू नकोस.

पुरुषाच्या ओटीपोटाची पोकळी म्हणजे चहाचा उंच, अरुंद डबा समज. तुझी गाठ डब्याच्या तळाशी. आम्ही पोट उघडून हात घालायचो. हाताला सगळं कळायचं, पण तळाशी काय चाललंय ते दिसायचं नाही. दुर्बिणीने दिसतं. पण हत्यारं म्हणजे हातभर लांबीच्या सरळ चॉपस्टिक. त्या काड्यांनी डब्याच्या तळातून काळा घेवडा उचलायचा, शेजारच्या घेवड्याची साल न फाटू देता. जमतं, तीस वर्षं लोक करताहेत. पण डबा फारच अरुंद असला तर काड्या एकमेकींना अडतात आणि मधूनच पोट उघडावं लागतं.

रोबोट म्हणजे कोणी लोखंडी माणूस नव्हे. सर्जनच चार पावलांवर बसून चालवतो. काडीच्या टोकाला मनगट असतं, ते वळतं. हाताचा कंप खाली पोचत नाही, चित्र मोठं आणि खोलीसकट दिसतं. मात्र बोटांना स्पर्श कळत नाही, वेळही जास्त लागतो. मी याला 'म्हाताऱ्यांचा व्हिडिओ गेम' म्हणायचो, तुला आठवत असेल. आता म्हणत नाही. आधी झालेल्या एका मोठ्या तुलनेत दोन्हींत ठळक फरक दिसला नाही. पुरुषांच्या अरुंद पोकळीत रोबोट थोडा बरा असेल अशी शंका राहिली. ती फेडायलाच तुझ्याकडची चिठ्ठी आहे. खालच्या दारातून वर जायची तिसरीही एक वाट आहे. तिचा चार वर्षं फार गाजावाजा झाला, मग गेल्या वर्षाअखेर उत्तरेकडच्या एका देशाने गाठी परत येताहेत म्हणून ती थांबवली. ती तुझ्या चिठ्ठीत नाही, हे बरं.

तेव्हा कॅन्सर काढायला दोन्ही चांगल्या. तुझा प्रश्न वेगळाच आहे आणि तो तू तोंडातून काढलेला नाहीस. आतडं परत जोडता येईल की पोटावर शौचाची पिशवी कायमची राहील? लघवीच्या नसा वाचतील का? आणि सगळ्यात आधी: डॉक्टरांनी स्वतः अशा खालच्या गाठी किती काढल्या, दुर्बिणीने किती आणि रोबोटने किती?

हा आकडा विचार. पद्धतीला हात नसतात, माणसाला असतात.

रेनजिरो

(गुडघे आहेत तसेच.)

*

मात्सुए, ५ ऑक्टोबर

प्रिय रेनजिरो,

तुझं पत्र चारदा वाचलं. चॉपस्टिकचा दाखला फार सुंदर. घेवडा उचलून पाहिला, खराच, चहाच्या डब्यातून. सोळा वेळा पडला. सतराव्या वेळी आला तर त्याची साल फाटली होती. रात्रभर त्या सालीचंच मनात.

मंगळवारी पुन्हा जाऊन आलो. भूल देणाऱ्यांनी तपासलं, मग डॉक्टरांनी. आणि बघ, मी तयारी करून गेलो होतो. ते अकरा पानांचं माहितीपत्रक आहे ना, ते मी पाठ केलं. 'सहभाग ऐच्छिक असून कोणत्याही टप्प्यावर कारण न देता माघार घेता येईल.' वाक्य चालीत म्हणून बघ, कसं डुलतं! मी वर्गात पोरांना हेच सांगायचो: आधी पाठ करा, अर्थ नंतर आपल्या पायांनी चालत येईल.

डॉक्टरांसमोर मी सहावं पान म्हणून दाखवलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "काही विचारायचंय?"

मी म्हणालो, "नाही."

रागावू नकोस. ते पिशवीचं त्यांनी आपणहून सांगितलं, की पहिले काही महिने तात्पुरती असणारच, कायमची लागेल का ते आत गेल्यावर कळेल. लघवीचंही सांगितलं. फक्त तो आकडा तेवढा राहिला. सायकलवरून परतताना पुलावर एक सुचलं:

तळ्यावर धुकं,
विचारू म्हणतो आणि
होडी निघून जाते.

कसं आहे?

तुझा,
तोकुजी

*

नागाओका, ११ ऑक्टोबर

तोकुजी,

वाईट आहे. होडी गेली तर गेली, तुझं गुदाशय जाईल.

सहावं पान म्हणून दाखवलंस! डॉक्टरसमोर! अरे, ती परीक्षा नव्हे. मी चाळीस वर्षं खुर्चीच्या त्या बाजूला बसलो आहे. रोगी "नाही" म्हणाला की आम्हाला सुटल्यासारखं वाटायचं आणि दुपारच्या नूडल्स गरम मिळायच्या. बस, एवढाच उपयोग त्या "नाही"चा.

आणि एक गोष्ट मला खटकते. तू बाजारात शिंपले घेताना ते तळ्याच्या कुठल्या बाजूचे, किती वाजता काढले, हे सगळं विचारणारा माणूस. माझ्या लग्नात तू माझ्या सासऱ्यांना त्यांचा पगार विचारला होतास. मग या डॉक्टरपुढे तुझी दातखीळ का बसते? तीन पत्रांत... नाही, दोन पत्रांत तू त्यांचं नावसुद्धा लिहिलेलं नाहीस. काय लपवतोयस?

रेनजिरो

*

मात्सुए, १५ ऑक्टोबर

रेनजिरो,

पकडलंस. तुझा हात अजून तसाच.

त्यांचं नाव कानामोरी. सत्तावीस वर्षांपूर्वी सातवीत माझ्या वर्गात होती. खिडकीकडची तिसरी रांग. कविता म्हणायला उभी केली की आवाज फुटायचा नाही. उत्तर येत नसलं की डावा कान चोळत उभी राहायची. मी तिला कधी बसवलं नाही. "येईपर्यंत उभी राहा," म्हणायचो. एकदा पूर्ण तास उभी राहिली. मला वाटायचं, मी तिला घडवतोय.

आता चित्र डोळ्यांसमोर आण. पहिल्या दिवशी मी त्या टेबलावर कुशीवर पडलेलो, गुडघे पोटाशी. मागून दार सरकलं आणि आवाज आला, "कुसाका सेन्सेई! मी कानामोरी. ओळखलंत का?" मी भिंतीकडे तोंड करून म्हणालो, "अरे वा! मोठी झालीस." ती मला सेन्सेई म्हणते, कारण मी मास्तर. मी तिला सेन्सेई म्हणतो, कारण ती डॉक्टर. खोलीत दोन सेन्सेई, आणि पँट एकाचीच खाली.

आता सांग, तिला मी कुठल्या तोंडाने विचारू, 'बाई, तू किती केल्यास?' म्हणजे 'मला तुझा भरवसा नाही' असंच ना? जिला एक कविता न आल्याबद्दल तासभर उभं केलं, तिला मी पुन्हा उभं करू? नाही जमणार. लोक दुसरं मत घ्यायला हिरोशिमाला जातात. मी गेलो तर दुसऱ्या दिवशी साऱ्या शहराला कळेल की कानामोरीवर तिच्या मास्तरचाच विश्वास नाही.

आणि तुला काय रे, लांबून शहाणपण शिकवायला! सहा वर्षं झाली, आपल्या वर्गाच्या उन्हाळी स्नेहभेटीला तू आला नाहीस. दर वेळी गुडघे. गरम पाण्याच्या कुंडात आम्ही आता सातच म्हातारे उरलोय, आठव्याची जागा मोकळी ठेवतो. सगळे म्हणतात, इगाराशी मोठा डॉक्टर झाला, आता आपल्याबरोबर पाण्यात कशाला उतरेल. मी तुझी बाजू घेतो. पण गुडघे दुखणाऱ्याला गरम पाणी चांगलंच की.

जरा जास्त लिहिलं. खोडत नाही.

तोकुजी

*

नागाओका, २२ ऑक्टोबर

तोकुजी,

माझे गुडघे ठणठणीत आहेत. रोज सकाळी मी मुळ्याच्या वाफ्यात उकिडवा बसतो.

हे मी मिनेकोशिवाय कोणाला सांगितलेलं नाही. २०१३च्या वसंतात मलाही तुझ्यासारखीच गाठ निघाली. दारापासून साडेचारवर. मी तेव्हा नुकता निवृत्त झालो होतो. माझ्या जागी माझाच शिष्य होता, मोमोसे. त्याला टाके घालायला मी शिकवलं, बोट धरून. दुर्बिणीचं तो नवीन शिकत होता. शेजारच्या शहरात एक बाई वर्षाला शंभर करायची. पण मी तिच्याकडे गेलो असतो तर सगळं हॉस्पिटल म्हणालं असतं, बघा, गुरूच शिष्याच्या हाताखाली झोपत नाही. तेव्हा मी मोमोसेकडे गेलो. मी पद्धत निवडली नाही की सर्जन निवडला नाही. मी त्याची अब्रू निवडली, असं मला वाटत होतं.

मला आकडा ठाऊक होता. सात. पण मी विचारला नाही.

नीट वाच, तोकु. मी विचारलं असतं, "मोमोसे, अशा खालच्या किती केल्यास?" तर त्याला "सात" म्हणावं लागलं असतं. आणि सात म्हटल्यावर पुढचं वाक्य त्याला सोपं होतं: "सेन्सेई, त्या बाईंकडे जा, मी मदतीला येतो." तो ते म्हणायला टपला होता, हे मला आज कळतं. तपासताना त्याचा हात गार होता. पण मी विचारत नाही म्हटल्यावर तो आपणहून कसा म्हणणार? गुरूने विश्वास ठेवलाय! मी त्याचा मान राखला आणि त्याला कोपऱ्यात कोंडलं.

चार तासांनी काड्या अडल्या. पोट उघडलं. रक्त बरंच गेलं. जोडता आलं नाही. कॅन्सर गेला, तो परत आलेला नाही, हे त्याच्या हाताचं यश. पण पिशवी कायमची राहिली. मोमोसे पुढच्या वर्षी अर्ज करून एका बेटावरच्या दवाखान्यात गेला. तिथे ताप-खोकला बघतो. नवीन वर्षाला कार्ड येतं, 'प्रकृतीस जपावे' एवढंच. मी त्याच्यावर कधी रागावलो नाही. रागावलो असतो तर कदाचित त्याने पुन्हा हत्यार धरलं असतं.

पिशवीचं विशेष काही नाही. तिला मी सासूबाई म्हणतो: वेळकाळ न बघता बोलते, पण तिच्यावाचून घर चालत नाही. मी मुळे लावतो, खातो-पितो, मिनेकोशी भांडतो. फक्त तुमच्या त्या कुंडात सगळ्यांसमोर उघडं उतरायची लाज वाटली. रोग्यांना मात्र मी सांगायचो, "लाजायचं काय त्यात?"

तेव्हा तू कानामोरीला उभं करणार नाहीस. न विचारून तू तिला उभंच ठेवलं आहेस. विचार आणि तिला बसू दे.

रेनजिरो

*

मात्सुए, ३ नोव्हेंबर, रविवार

प्रिय रेनजिरो,

बारा दिवस उत्तर लिहू शकलो नाही. तुझं पत्र वाचून पहिल्यांदा तुझा राग आला. सहा वर्षं आम्हाला एक शब्द नाही! मग माझाच आला: त्या कुंडात बसून तुझी बाजू घ्यायचो, पण उठून नागाओकाच्या गाडीत कधी बसलो नाही. तीन पत्रं सुरू केली, तिन्ही फाडली. पुढच्या उन्हाळ्यात पाण्यात उतर नाहीतर काठावर बस, पण ये. आता बातमी ऐक.

गुरुवारी हॉस्पिटलात बोलावलं होतं. तुझं पत्र कोटाच्या आतल्या खिशात घेऊन गेलो, ताईत बांधतात तसं. वाटेत प्रश्न म्हणत गेलो. बसमधली एक बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली. आत गेलो. तिने विचारलं, "सेन्सेई, सही करायच्या आधी काही विचारायचंय?" मी खिशातून पत्र काढलं, हातात धरलं, समोरच्या कागदांवर ठेवलं, आणि म्हणालो... तुला ठाऊक आहे मी काय म्हणालो.

सही केली. तिने बटण दाबलं. चिठ्ठी निघाली: रोबोट.

आणि रेनजिरो, तिचा हात डाव्या कानाकडे गेला.

क्षणभरच. लगेच तिने तो खाली घेतला, हसली, म्हणाली, "ठीक. बारा तारखेला ऑपरेशनला भेटू." पण मी तो हात सत्तावीस वर्षं ओळखतो. घरी आलो. मग कोट काढला तर खिसा रिकामा. पत्र नाही. बस कंपनीला फोन केला, स्टॉपपर्यंत चालत जाऊन आलो, कचऱ्याचा डबासुद्धा उपसला. तुझं सगळं गुपित त्यात, मोमोसेचं नाव त्यात, आणि कानामोरीचंही. आता आठवतंय, मी ते टेबलावर ठेवलं होतं. माझ्या सहीच्या कागदांबरोबर ते फायलीत गेलं असणार. मला क्षमा कर. तीन दिवस झोप नाही. शिंपल्यांचं सार दोनदा उतू गेलं.

पण ठरलंय. उद्या नऊ वाजता हॉस्पिटलचा फोन सुरू होतो, तेव्हा तिला विचारायचं. किटलीसमोर उभा राहून सराव केला: "कानामोरी-सान, रोबोटने अशा खालच्या गाठी तू स्वतः किती काढल्यास?" सेन्सेई म्हणायचं नाही, साधं सान. आकडा मोठा असला तर बारा तारखेला शांतपणे झोपीन. लहान असला तर म्हणेन, तुझा हात ज्यावर बसलाय त्यानेच कर, किंवा जो तुझ्याहून जास्त करतो त्याला शेजारी उभा कर. कारण न देता माघार घेता येते, पान सहावं. पण मी कारण देईन. तिला सांगेन, तुला तासभर उभं केलं होतं ते चुकलं. आधी ते सांगू की आधी आकडा विचारू, एवढंच ठरत नाहीये. सकाळपासून फेऱ्या मारतोय, या खोलीतून त्या खोलीत.

थांब. बाहेरचं फाटक वाजलं. रविवारी कोण येणार? पोस्ट तर बंद असते.

खिडकीतून बघतोय. एक बाई. पांढरा कोट नाही, साधं निळं स्वेटर. सायकल कुंपणाला टेकवतेय. हातात एक लिफाफा, आणि त्यावरचं तुझं ते तिरपं अक्षर मला इथूनही ओळखू येतं. रेनजिरो, ती आहे! डॉक्टर रोग्याच्या घरी येतात असं मी जन्मात ऐकलं नाही. पायरीवर येऊन उभी आहे. घंटी वाजवत नाहीये, नुसती उभी आहे.

आपल्याकडे आलेल्याला आधी चहा देतात, मग कामाचं विचारतात. आज नाही. पेन ठेवतो. दार उघडून तिथेच, उंबऱ्यावर विचारतो. चहा मग टाकीन.